पोर्शे ९११: कोणत्या दोषांसाठी रिकॉल झाला, कोणते मालकाच्या गळ्यात राहिले

दिवेघाट

जुनी पोर्शे ९११ घेऊ का, असं विचारणारे व्यनि (व्यक्तिगत निरोप) मला सारखे येतात. अमेरिकेत, जर्मनीत स्थायिक झालेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आवाक्यात आता वीस-बावीस वर्षं जुनी ९११ येते. पहिला प्रश्न ठरलेला: "या गाडीवर रिकॉल आहे का?" मग १७ अक्षरी चासी नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकायचा, 'एकही रिकॉल बाकी नाही' असं दिसलं की सुटकेचा निःश्वास टाकायचा आणि पैसे मोजायचे.

माझं कळकळीचं सांगणं आहे की तिथे थांबू नका. रिकॉल, म्हणजे सदोष गाड्या कंपनीने परत बोलावून फुकट दुरुस्त करणं, होतो तो जिवाला धोका असेल तेव्हा. इंजिन अचानक निकामी होऊन खिसा रिकामा होणार असेल, तर बहुतेक वेळा त्या संकेतस्थळावर अवाक्षरही सापडत नाही. ९११ मध्ये दोन्ही तऱ्हेची ठळक उदाहरणं आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

आधी रिकॉलचं. २०१३ च्या जिनिव्हा प्रदर्शनात ९९१ पिढीची जीटी३, म्हणजे ९११ ची ट्रॅकसाठी बनवलेली आवृत्ती, आली. ३.८ लिटरचं इंजिन, ४७५ हॉर्सपॉवर, ९००० आरपीएमपर्यंत फिरणारं. काही महिन्यांतच स्वित्झर्लंडमध्ये एक आणि इटलीत एक अशा दोन गाड्या पेटल्या. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पोर्शेने २०१४ च्या फेब्रुवारीत डिलिव्हरी थांबवली आणि मालकांना गाडी चालवू नका म्हणून कळवलं. तपासात दिसलं की पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचा बोल्ट सैल होत होता. सुटलेला रॉड क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं कवच, फोडतो, तेल बाहेर येतं, ते तापलेल्या भागांवर पडतं आणि पेट घेतं. मार्चमध्ये कंपनीने जाहीर केलं की जगभरातल्या त्या सगळ्या ७८५ गाड्यांची इंजिनं बदलून देणार. नुसते बोल्ट नव्हे, अख्खी इंजिनं. दोष मान्य करायचा तर असा करावा, हे मी आजही म्हणतो.

आता दुसरी बाजू. १९९७ साली ९९६ पिढी आली. पाण्याने थंड होणारं इंजिन असलेली ही पहिली ९११. या इंजिनाचं नाव एम९६, आणि हेच इंजिन लहान आकारात पोर्शेच्याच बॉक्स्टर या दुसऱ्या गाडीतही होतं. क्रँकशाफ्टच्या खालून एक मधला शाफ्ट जातो, इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला आयएमएस म्हणतात. क्रँक त्याला फिरवतो आणि तो चेनमार्फत दोन्ही बाजूंचे, व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट फिरवतो. त्याच्या फ्लायव्हीलकडच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूच्या, टोकाला एक सीलबंद बॉल बेअरिंग आहे. ते बेअरिंग गेलं की शाफ्ट डगमगतो, चेन दात सोडते, व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. पुढे त्या इंजिनात वाचवण्यासारखं फारसं उरत नाही.

सुरुवातीच्या गाड्यांत हे बेअरिंग छर्ऱ्यांच्या दोन ओळींचं होतं. २००० च्या सुमारास एका ओळीचं आलं आणि तिथेच घोडं अडलं. अमेरिकेत मालकांनी सामूहिक दावा लावला. ४ मे २००१ ते २१ फेब्रुवारी २००५ या काळात बनलेल्या ९११ आणि बॉक्स्टर त्यात होत्या. २०१३ मध्ये तडजोड झाली. एका ओळीच्या बेअरिंगचं निकामी होण्याचं प्रमाण सुमारे ८ टक्के, दोन ओळींच्याचं १ टक्क्याहूनही कमी, हे आकडे त्या खटल्यामुळेच सर्वांसमोर आले. भरपाई मिळाली तीही अटींसह: गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आल्यापासून १० वर्षांच्या आत आणि १,३०,००० मैलांच्या आत बिघाड झालेला असला पाहिजे.

रिकॉल मात्र या बेअरिंगसाठी झाला नाही. ती १० वर्षं कधीच सरली. आज ९९६ घेणाऱ्याच्या हातात आहे ते फक्त माहीत असणं.

---

अनघा_के

दिवेघाट, अगदी वेळेवर धागा काढलात. मी न्यू जर्सीत असते. आम्ही २००३ ची करेरा (साधी ९११) बघून आलोय, मॅन्युअल गिअरबॉक्स, ६० हजार मैलांच्या आत. विकणारे गृहस्थ म्हणतात, आयएमएस करून घेतलंय. पावती मागितली तर म्हणाले, आधीच्या मालकाने केलं होतं. चासी नंबर टाकून पाहिला, रिकॉल काही नाही. तुम्ही वर्णन केलंत तशीच मी निश्चिंत झाले होते. आता काय विचारू त्यांना? आणि गाडी इतकी कमी चाललीय, ही जमेची बाजू धरायची ना?

---

नट_बोल्ट

अनघाताई, या बेअरिंगपुरतं सांगायचं तर कमी चाललेली गाडी ही जमेची बाजू नाही. मी पुण्यात बेअरिंगच्या तपासणीत आयुष्य काढलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सीलबंद बेअरिंगमध्ये कारखान्यातच ग्रीस भरलेलं असतं. बाहेरचं तेल आत येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना सील. पण हे बेअरिंग बसलंय इंजिनाच्या पोटात, गरम तेलाच्या संगतीत. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सील कडक होतं, तेल आत झिरपतं आणि ग्रीस धुऊन नेतं. इथे लोकांची समजूत अशी होते की ग्रीस गेलं तर गेलं, तेल तर आलं! पण जुनाट सील त्या तेलाला ये-जा करू देत नाही. थोडंसं तेल आत अडकून राहतं, काळं पडतं, आम्लधर्मी होतं, त्यात पाण्याचा अंश असतो. ताजं तेल छर्ऱ्यांपर्यंत पोचत नाही. मग छर्ऱ्यांवर आणि रिंगच्या खाचेत बारीक खड्डे पडू लागतात. एक खड्डा पडला की छर्रा प्रत्येक फेऱ्यात त्यावरून आपटतो, तो मोठा होत जातो. शेवटी छर्ऱ्यांना जागेवर धरणारा पिंजरा तुटतो.

म्हणून आठवड्यातून एकदा दहा मिनिटं फिरवून परत गॅरेजात उभी केलेली गाडी जास्त धोक्यात. इंजिन पुरतं तापत नाही, तेलातलं पाणी उडून जात नाही. रोज लांब पल्ला मारणाऱ्या आणि तेल वेळेवर बदललेल्या गाड्यांची बेअरिंगं लाखभर मैल टिकलेली आहेत.

आता तपासायचं कसं. तेल बदलताना जुना ऑइल फिल्टर फेकू देऊ नका. कागदाची घडी धारदार पात्याने कापून वेगळी करायची, तेल निथळू द्यायचं आणि पांढऱ्या कागदावर पसरून दिव्याखाली एकेक घडी उलगडून पाहायची. चमकणारे कण दिसले की जवळ लोहचुंबक न्या. चिकटले तर ते पोलाद, म्हणजे बेअरिंगचा संशय. चिकटले नाहीत तर बहुधा ॲल्युमिनिअम, त्याची कारणं निराळी. प्लास्टिकच्या कपच्या मिळाल्या तर रंग बघा: तपकिरी कपच्या चेनच्या गाइडच्या असतात आणि त्या वयाच्या गाडीत थोड्याफार सापडतात. काळे तुकडे मात्र बेअरिंगच्या सीलचे असू शकतात. पोलाद आणि काळं प्लास्टिक दोन्ही मिळालं, तर इंजिन सुरू न करता गाडी उचलून गॅरेजला न्यायची.

विकणाऱ्याने फिल्टर उघडू द्यायला नकार दिला, तर तिथून निघा.

---

रानवाटा

थोडा वेगळा सूर लावतो. ८ टक्के हा आकडा ऐकून लोक गर्भगळित होतात, पण त्याचा अर्थ त्या काळातल्याही ९२ टक्के गाड्या शाबूत राहिल्या. नेटवर या एका बेअरिंगबद्दल इतकं लिहिलं गेलंय की चांगल्या ९९६ लोक हातात घ्यायलाही धजत नाहीत. कोणत्याही वीस वर्षं जुन्या गाडीत काही ना काही निघतंच.

---

दिवेघाट

रानवाटा, गाडी घेऊच नका असं मी म्हणत नाही. मला ९९६ मनापासून आवडते, तिच्या स्टिअरिंगमधून रस्ता जसा हाताला कळतो तसा पुढच्या पिढ्यांत कळेनासा झाला. पण ८ टक्के म्हणजे दर बारा-तेरा गाड्यांमागे एक इंजिन. ब्रेक पॅड झिजले तर पॅड बदलतो, इथे इंजिनच जातं आणि खर्च गाडीच्या किमतीला टेकतो. आणि पूर्वसूचना फार थोडी मिळते. ज्याला हे माहीत आहे तो क्लच बदलताना बेअरिंगही बदलून घेतो, कारण त्या वेळी गिअरबॉक्स उतरलेलाच असतो. ज्याला माहीत नाही तो नवा क्लच टाकून, पुन्हा सगळं बंद करून निघून जातो. बेअरिंग हाताच्या अंतरावर असताना! हे टाळता येण्यासारखं आहे म्हणूनच जीव तुटतो.

अनघा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: "करून घेतलंय" याला पावतीशिवाय अर्थ नाही. पावतीवर चार गोष्टी हव्यात: तारीख, त्या वेळचे मैल, कोणतं बेअरिंग बसवलं त्याचं नाव किंवा क्रमांक, आणि गॅरेजचं नाव. बसवलेलं बेअरिंगही ठरावीक मैलांनी बदलायचं असतं. काही प्रकारांत छर्रे सिरॅमिकचे असतात आणि एका बाजूचं सील मुद्दाम काढलेलं असतं, म्हणजे इंजिनाचं ताजं तेल आत खेळत राहतं. नट_बोल्ट यांनी वर सांगितलं, त्याच दुखण्यावरचा हा इलाज.

---

मिलिंद_स्टु

मी श्टुटगार्टला असतो, पोर्शेत नाही, पण याच धंद्यातल्या सुट्या भागांच्या कंपनीत. एक दोष कोणी काढला नाही आणि तो माझ्या मते बेअरिंगपेक्षाही गंभीर आहे.

९९६ आणि तिच्या पुढच्या ९९७ पिढीच्या जीटी३, जीटी२ आणि टर्बो (९९७ ची टर्बो फक्त सुरुवातीची) या वेगवान आवृत्त्यांमध्ये हे एम९६ इंजिन नव्हतं. त्यांत पोर्शेचे इंजिनतज्ज्ञ हान्स मेत्सगर यांच्या नावाने ओळखलं जाणारं, शर्यतीच्या ९११ जीटी१ च्या घराण्यातलं इंजिन होतं. त्याला हे आयएमएस बेअरिंगचं दुखणं नाही. म्हणून लोक डोळे मिटून 'मेत्सगर घ्या' म्हणतात. पण त्या इंजिनात कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) पाइपांची जोडणी काही ठिकाणी दाबून आणि चिकटवून बसवलेली आहे. वर्षानुवर्षं तापून-निवून तो चिकटवलेला जोड ढिला होतो आणि पाइप सुटून येतो. सगळं कूलंट मागच्या चाकांसमोर सांडतं. ट्रॅकवर, वळणात, मागचं चाक कूलंटवर आलं की गाडी क्षणात गिरकी घेते. मागून येणाऱ्यांनाही धोका.

हा तर उघड सुरक्षिततेचा विषय. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एनएचटीएसएने, म्हणजे तिथल्या रस्ता सुरक्षा खात्याने, याची चौकशीही उघडली होती. तरी जाणकार मालक आजही इंजिन उतरवून, स्वखर्चाने ते जोड वेल्ड करून किंवा पिन मारून घेतात. काही ट्रॅकवर तर गाडी आत घेण्याआधी हे काम झालंय का ते विचारतात.

दिवेघाट, तुमच्या म्हणण्याला माझी एवढीच पुस्ती: धोका असूनही रिकॉलच्या यादीत न दिसणारे दोष असतात. 'रिकॉल नाही म्हणजे धोका नाही' हेही धरून चालू नका.

जर्मनीतली पद्धत सांगतो. इथे फ्लेन्सबुर्गची केबीए ही संस्था रिकॉलवर देखरेख ठेवते. ती स्वतः नोंदणीवरून मालकांचे पत्ते शोधून काढते, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या मालकालाही पत्र येतं. गंभीर रिकॉल असेल आणि मालकाने दाद दिली नाही, तर गाडी रस्त्यावर आणायची परवानगीच काढून घेतली जाऊ शकते.

---

कोथरूडकर

सुंदर चर्चा. आपल्याकडचं काय? मुंबई-पुण्यात आता बऱ्याच ९११ दिसतात, सेकंडहँडही विकल्या जातात.

---

नट_बोल्ट

भारतात २०१२ पासून सियाम या उत्पादकांच्या संघटनेची ऐच्छिक आचारसंहिता होती. कंपनीला वाटलं तर तिने रिकॉल करायचा. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सरकार आता रिकॉलचा आदेश देऊ शकतं, दंड १ कोटी रुपयांपर्यंत जातो, आणि आयात केलेल्या गाड्याही यात येतात. मालकाला सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. पण हे ७ वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहे आणि ठरावीक संख्येने तक्रारी यायला लागतात. वर्षाला मोजक्या विकल्या जाणाऱ्या गाडीच्या मालकांनी तक्रार नोंदवायचा आळस केला, तर ती संख्या कधीच गाठली जाणार नाही. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी, सर्व्हिस सेंटरने दुरुस्ती फुकट करून दिली तरी, तक्रार नोंदवावी.

आणि बाहेरून आणलेली जुनी गाडी असेल, तर ती ज्या देशात पहिल्यांदा विकली गेली तिथल्या संकेतस्थळावर तिचा चासी नंबर तपासा. इथल्या यादीत ती सापडेलच असं नाही.

---

सह्यकडा

जीटी३ ची इंजिनं बदलली, तिथेच विषय संपला का? मी कुठेतरी १० वर्षांच्या वॉरंटीबद्दल ऐकलं होतं.

---

दिवेघाट

नाही संपला, बरं झालं विचारलंत. बोल्टचा प्रश्न मिटल्यावर त्याच ९९१ जीटी३ च्या इंजिनात व्हॉल्व्ह दाबणारे छोटे फिंगर फॉलोअर झिजू लागले. ९००० आरपीएमला त्यांच्यावर प्रचंड ताण येतो, आणि या इंजिनात व्हॉल्व्हची फट हायड्रॉलिक पद्धतीने आपोआप राखली जात होती. फॉलोअरचा पृष्ठभागावरचा कडक थर गेला की कॅमही खराब होतो, इंजिन एका सिलिंडरवर चुकायला लागतं. यात आगीचा धोका नव्हता, म्हणून रिकॉल झाला नाही. पण इथे कंपनीने इंजिनाची वॉरंटी वाढवून दिली, अमेरिकेत १० वर्षं किंवा १,२०,००० मैल. २०१७ मध्ये आलेल्या पुढच्या जीटी३ च्या ४ लिटर इंजिनात हायड्रॉलिक भाग काढूनच टाकले आणि फट कारखान्यात शिम (पातळ चकत्या) लावून कायमची ठरवली.

एम९६ च्या मालकांना जे मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागली, ते जीटी३ च्या मालकांना पत्राने मिळालं. मला यात सरळ अन्याय दिसतो. साधी करेरा घेणाऱ्याने आयुष्यभराची बचत घातलेली असते.

आणि वय झालं म्हणून रिकॉल येणार नाही असंही समजू नका. ९११ नाही, पण त्याच घरची करेरा जीटी बघा. २००४-०५ च्या गाड्या, आणि २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ४८९ गाड्यांना चालवणं थांबवा म्हणून कळवलं गेलं. सस्पेन्शनच्या आर्म्समधले बॉल जॉइंट गंजून तुटू शकत होते. म्हणून चासी नंबर खरेदीच्या दिवशी एकदा तपासून भागत नाही, दर सर्व्हिसला तपासा. मात्र अमेरिकेत फुकट दुरुस्तीचं कायदेशीर बंधन पहिल्या विक्रीपासून १५ वर्षांचंच आहे, हे ध्यानात ठेवा.

---

रानवाटा

वॉरंटीची तुलना पटली. माझा मुद्दा मी थोडा आवरता घेतो. पण मग सिलिंडरवर ओरखडे येण्याबद्दलही लिहा, ते राहिलंच. ९९७ घेणारे लोक आयएमएसमध्येच अडकून पडतात आणि हे पाहत नाहीत.

---

मिलिंद_स्टु

रानवाटा यांना अनुमोदन. करेरातल्या या इंजिनांत सिलिंडरला लोखंडी लायनर नाही. ॲल्युमिनिअममध्ये सिलिकॉनचे कण असलेला पृष्ठभाग आहे, त्याला लोकासिल म्हणतात. पिस्टनच्या बाजूचा लेप गेला की पिस्टन भिंतीला घासतो आणि उभे ओरखडे पडतात. ३.६ आणि ३.८ लिटरच्या मोठ्या इंजिनांत हे जास्त दिसतं, आणि बहुधा दुसऱ्या बँकेत, म्हणजे ४ ते ६ क्रमांकाच्या सिलिंडरांत. लक्षणं: तापल्यावर टिकटिक आवाज, तेल जास्त पिणं, एका बाजूच्या टेलपाइपवर दुसरीपेक्षा जास्त काजळी. खात्री करायची तर बोरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, आत घालून भिंती बघाव्या लागतात. स्पार्क प्लगच्या भोकातून घातला तर खालचा भाग नीट दिसत नाही, म्हणून ऑइल पॅन (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवून खालून बघणारं गॅरेज गाठा. यासाठीही रिकॉल नाही.

थंड इंजिन लगेच पिळू नका, तेल तापेपर्यंत सबुरीने घ्या. थंड प्रदेशातल्या गाड्यांत हा त्रास अधिक दिसतो.

---

अनघा_के

सर्वांचे मनापासून आभार. काल विकणाऱ्यांशी पुन्हा बोलले. पावती त्यांना मिळाली नाही, पण फिल्टर उघडायला आणि बोरस्कोप तपासणीला ते तयार आहेत. पुढच्या शनिवारी एका स्वतंत्र पोर्शे गॅरेजची वेळ घेतलीय, तपासणीचे पैसे आम्ही देणार. क्लच मूळचाच आहे. म्हणजे घेतलीच तर क्लच आणि बेअरिंग एकत्र करायचं, आणि तो खर्च किमतीतून वजा मागायचा असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

एक शेवटची शंका. त्याच माणसाकडे २००५ ची ९९७ पण आहे. तिच्यात कोणतं बेअरिंग असेल?

---

नट_बोल्ट

अनघाताई, २००५ हे वर्ष संक्रमणाचं आहे, नुसत्या सालावरून ठामपणे सांगता येत नाही. त्या वर्षी एका ओळीचं जुनं बेअरिंगही बसलंय आणि पुढचं मोठं बेअरिंगही. मोठं बेअरिंग जास्त टिकाऊ आहे, पण ते इंजिन पुरतं खोलल्याशिवाय बाहेर काढता येत नाही. २००९ मॉडेलपासून नवीन इंजिन आलं, त्यात हा शाफ्टच नाही.

खात्री करायची तर गिअरबॉक्स आणि फ्लायव्हील उतरवून बेअरिंगच्या झाकणावरचा मधला नट बघायचा. १३ मिलिमीटरचा असेल तर जुनं बेअरिंग, जागेवरच बदलता येतं. २२ मिलिमीटरचा असेल तर मोठं. शनिवारी त्या गॅरेजवाल्याला विचारा, त्याच्याकडे आधी तिची काही कामं झाली असतील तर नोंदीत हे लिहिलेलं सापडू शकतं.